दोराला हात लावलेला माणूस

आनंदा डोर्लेकर खोटं बोलायच्या मुळीच लायकीचा नव्हता. खोटं बोलायचं तर आठवण पक्की लागते, आणि आनंदाला काल दुपारी घरात कसलं कालवण होतं तेही धड सांगता येत नसे. तरी या माणसाने एक खोटं तीन वर्षं सांभाळलं. तेही साधंसुधं नव्हे. त्या खोट्यात दुबई होती, शिक्क्याचा पासपोर्ट होता, सामानाने भरलेली एक लाँच होती आणि ती लाँच त्याने भर समुद्रात बुडवलीही होती.

पावसच्या खाली, माडांची रांग संपते तिथे खारव्यांची, मासेमारांची एक वाडी आहे. तीसेक घरं. शेवटचं घर आनंदाचं. घरात बायको कमळा आणि दोन मुली. आनंदा रापणीवरचा माणूस. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते अर्धगोलात पाण्यात सोडत न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणायचे आणि चाळीस-पन्नास माणसांनी ते दोन दोन तास ओढायचे. या कामाची एक रीत पणजोबांच्या आधीपासून चालत आलेली. ज्याचा हात दोराला लागला, त्याला मासळीचा वाटा. जाळं कुणाचंही असो, ओढणारा कुठल्याही गावचा असो. आंजर्ल्याहून पाहुणा आला आणि गंमत म्हणून दोराला लागला तरी तो चार बांगडे घेऊनच घरी जायचा. वाटा कुणी मागायचा नसतो आणि द्यायचा की नाही असं कुणी विचारायचं नसतं.

ऐंशी सालापर्यंत ही रीत सांभाळायला मासळीच उरली नव्हती. मिरकरवाड्याच्या यांत्रिक बोटी बाहेरच्या बाहेर समुद्र खरवडून नेत आणि रापण दिवसभर ओढावी तर वर यायचे चार खेकडे नि बाकी चिखल. त्याच सुमारास मुंबईच्या एका लाँचीचा सारंग, म्हणजे कप्तान, खलाशी शोधत खाडीत आला. आनंदाला म्हणाला, खलाशी म्हणून चल, आखातात उतरवतो, तिकडे कामाला तोटा नाही. आनंदाने कागदांचं विचारलं. सारंग म्हणाला, "कागद मागाहून होतात." जगात या तीन शब्दांनी जितकी माणसं बुडवली असतील तितकी वादळांनी बुडवली नसतील. आनंदा त्यांच्यावर विसंबला आणि निघाला.

लाँचीने त्याला आणि आणखी अकरा जणांना पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उतरवलं. सारंगाने समोरचा काळा डोंगर दाखवला आणि म्हणाला, त्याच्या मागे दुबई. डोंगराच्या मागे दुसरा डोंगर होता. बाकीचे तरीही डोंगराकडे गेले. त्यांच्यात शेजारच्या गावचा सदू म्हणून एक होता, तो आनंदाला चल चल म्हणत राहिला. आनंदा म्हणाला, "मी पाण्याला धरून चालतंय. डोंगरात जाऊन मी काय करू?" हुशारी म्हणून नव्हे. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

ऊन वर आलं तसा घसा सुकला. जीभ टाळूला चिकटली. पोलीस दिसला तर काय करायचं याची उजळणी करत तो चालत होता, आणि एका वळणावर त्याला माणसं दिसली. पंचवीसेक माणसं, पांढऱ्या लुंग्या, डोक्याला फडकी, आणि वाळूवर दोन दोर. रापण. अगदी आपली. होडी निराळी, बोली निराळी, पण दोराला पाठ देऊन मागे मागे जायची ती चाल तीच. आनंदाने पाहिलं की डाव्या दोराला माणसं कमी आहेत आणि जाळं त्या अंगाला झोल खातंय. मासळी तिथून निसटणार हे लहान पोरालाही कळलं असतं. तो पळत गेला आणि डाव्या दोराला लागला.

आता सांगा, ज्याला लपून राहायचं आहे तो माणूस परक्या मुलखात पन्नास डोळ्यांसमोर असा धावत जातो का? पण वाडीतल्या कुणीही हेच केलं असतं. जाळं झोल खाताना बघत उभं राहणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पोलीस, पासपोर्ट, सारंग, सगळं आनंदा विसरला. जाळं वर आलं, तारल्यांनी चमकत होतं, आणि मगच त्याच्या लक्षात आलं की आजूबाजूला सगळे गप्प उभे राहून त्याच्याकडे बघताहेत.

जाळ्याचा मालक सालेम नावाचा म्हातारा होता. दाढी पांढरी, एक डोळा जरा बारीक. तरुणपणी मुंबईला गलबतं नेलेली, त्यामुळे मोडकी हिंदी बोलायचा. त्याने मासळीचे ढीग घातले, एकेका माणसापुढे एकेक, आणि शेवटचा ढीग आनंदाच्या पायाशी घातला. कोण, कुठला, कागद आहे का, काही नाही. मग त्याने मातीचा रांजण दाखवला. आनंदा इतकं पाणी प्यायला की तिथेच ओकला. लोक हसले. सालेमही हसला आणि म्हणाला, "हळू. पाणी पळून जात नाही." पायाशी पडलेला ढीग बघून आनंदाला रडू फुटलं. वाटा मिळाला म्हणून नव्हे, कुणी विचारलं नाही म्हणून.

तो तिथे चार वर्षं राहिला. सालेमच्या अंगणात खजुराच्या झापांची खोप होती, तीत. त्याला कुणी आनंदा म्हणत नसे, 'हिंदी' म्हणत. ईदेला त्याला नवा सदरा मिळे. ताप आला तेव्हा सालेमच्या म्हातारीने सात दिवस भाताची पेज घातली, त्यात मीठ घालायला कमळा विसरते तशी तीही विसरली. गस्तीची गाडी आली की सालेम बाहेर बाजेवर बसून राही. एकदा शिपायाने खोपीकडे बोट दाखवून विचारलं, आत कोण? सालेम म्हणाला, "माझ्या जाळ्याचा माणूस." शिपाई त्याच गावचा होता. तो पुढे गेला.

सगळ्यांना सालेम भेटत नाही. डोंगराकडे गेलेला सदू दुबईच्या अलीकडच्याच एका शहरात इमारतीच्या कामाला लागला आणि परांचीवरून पडून पाय मोडून बसला. इस्पितळात न्यावं तर कागद मागणार, कागद नाही म्हटलं की आधी तुरुंग आणि मग पाय. सोबत्यांनी फळ्या बांधल्या. पाय वाकडा जुळला. आनंदा त्याला बघायला गेला होता. पत्र्याच्या एका खोलीत सोळा माणसं, बाहेर पाऊल टाकायची चोरी. त्यातला एक जण म्हणाला, इथे आपण दिसत नाही आणि दिसलो की गुन्हा. त्या दिवशी आनंदाला प्रथमच नीट कळलं की आपण सुखात आहोत ते कायद्यामुळे नाही, एका म्हाताऱ्यामुळे आहोत. उद्या हा म्हातारा नसला तर आपणही त्या सोळांत सतरावे.

चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला तो कमळाला पत्र टाकायला तालुक्याच्या गावी गेला आणि धरला गेला. एका शिपायाने कानाखाली वाजवली. दुसऱ्याने चहा दिला. तुरुंगात सहा सहा महिने पडून असलेली माणसं होती, का तर ती हिंदुस्थानातलीच कशावरून हे ठरत नव्हतं. मुलखातून खात्री आल्याशिवाय परतीचा कागद निघत नाही. आनंदाचा कागद मात्र चाळीस दिवसांत आला. त्याला वाटलं, सालेमची ओळख. सालेम दोनदा भेटायला आला होता. दुसऱ्या खेपेला त्याने फडक्यात बांधलेल्या सुक्या तारल्या दिल्या आणि म्हणाला, "घरी रिकाम्या हाताने जाऊ नकोस." दोघे एकमेकांचे हात धरून उभे राहिले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि हिंदी दोघांचीही बेताची होती.

तर चार वर्षांनी आखातातून आलेला माणूस वाडीत शिरला तो सुक्या मासळीचं गाठोडं घेऊन. खारव्यांच्या वाडीत सुकी मासळी. तेव्हा आखातातून येणारा माणूस म्हणजे टॅक्सी, टॅक्सीच्या टपावर बॅगा, टेपरेकॉर्डर, बायकांना नायलॉनच्या साड्या. सगळी वाडी पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर जमलेली. आनंदाने त्या चेहऱ्यांकडे पाहिलं, पोरींकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सामान मागनं येतंय. लाँचीनं."

एकदा बोलल्यावर गाडं थांबेना. व्हिसा होता, साहेब चांगला होता, पासपोर्ट मुंबईला शिक्क्यासाठी ठेवलाय. महिना झाला, दोन महिने झाले. गणपती आले. शेवटी आनंदाने तोंड पाडून सांगितलं की लाँच बुडाली. वाडी हळहळली. बायकांनी कमळाला धीर दिला. रापणीचा कारभार बघणारा रावजी, नात्याने आनंदाचा चुलतभाऊ, गंभीरपणे म्हणाला, "समुद्र हाय. त्याच्या मनात काय, कोण सांगणार?" आनंदाला सुटल्यासारखं झालं. तेव्हापासून वाडीत त्याला दुबईवाला म्हणू लागले, आणि त्याची छाती प्रत्येक वेळी थोडी फुगायची नि थोडी दुखायची.

रोज सकाळी तोंड धुतल्यावर तो पश्चिमेला तोंड करून हात जोडत असे. कमळाला वाटे, समुद्राला जोडतो. तो सालेमला जोडत असे. एवढा मोठा उपकार कुणाला सांगता येत नाही याचं त्याला फार वाईट वाटे. सांगायचं तर मी तिथे चोरासारखा होतो हे आधी सांगावं लागतं.

सत्याऐंशीच्या मोसमात वरच्या सड्यावरची, कातळाच्या पठारावरची आंब्याची बाग कुणा बाहेरच्या व्यापाऱ्याने घेतली आणि राखणीला एक नेपाळी आणला. तुलबहादूर. बुटका, गोरा, सदा हसतमुख, संगे बायको. वानरं हाकायची, रात्री बत्ती घेऊन फिरायचं. जूनमध्ये व्यापाऱ्याने शेवटच्या पेट्या ट्रकात घातल्या, "पगार घेऊन येतो, तू बाग सांभाळ," म्हणाला आणि गेला तो गेलाच. पावसाळाभर ती दोघं बागेतल्या मांगरात, राखणदाराच्या खोपटात राहिली. कमळा अधूनमधून तांदूळ देई. बायको पोटुशी होती हे पहिल्यांदा कमळानेच ओळखलं.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, रापण लागली. एका सकाळी तुलबहादूर सड्यावरून खाली आला. दहा मिनिटं बघत उभा राहिला. मग कुणी न सांगता दोराला लागला. डोंगरातला माणूस, समुद्र पहिल्यांदा पाहिलेला, पण ओझं ओढणं त्याला काय नवं होतं? आनंदा त्याच दोरावर त्याच्या पुढे होता. मागे वळून पाहिलं आणि जरा पुढे सरकून त्याने त्याला दोरावर जागा करून दिली. त्या दिवशी तुलबहादूरला वाटा मिळाला. दुसऱ्या दिवशीही. महिनाभर तो रोज येत होता.

मग रावजीने वाटे घालताना हात आखडला. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे सांगायला हवं. मासळी थोडी, तोंडं फार. गेल्या साली पलीकडच्या वाडीत कुणी परका राहून होडीचं यंत्र घेऊन पळाला होता. रावजी म्हणाला, "आज वाटा, उद्या खोपी, परवा जागा. कोण, कुठला, ना कागद ना पत्र." नेपाळातल्या माणसाला आपल्या देशात यायला पासपोर्ट लागत नाही, हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. आणि असतं तरी तुलबहादूर नेपाळातलाच, हे दाखवायलाही त्याच्याकडे काही नव्हतं. बोलणं पसरत पसरत पोलिसांच्या कानावर गेलं. एक हवालदार सायकलवरून आला आणि सांगून गेला, की हा माणूस कोण याची आठ दिवसांत कुणीतरी लेखी हमी द्या, नाहीतर आम्ही उचलून नेतो. पोटुशी बायको कुठे जाईल, ते त्याने सांगितलं नाही. ते त्याचं कामही नव्हतं.

तुलबहादूर बायकोला घेऊन आनंदाकडे आला. पायरीवर बसला, वर येईना. "दाजू," थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला, "इसको लेके मैं अभी कहाँ जाएगा?" आनंदाने त्याला पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला आणि आनंदाने तोंड फिरवलं.

त्या आठ दिवसांत आनंदाला जेवण गेलं नाही. त्याच्या मनात सरकारवर राग नव्हता. ज्याचं घर त्याने दार लावावं, कोण आत येतो बघावं, यात काय वाईट? कानाखाली मारणाऱ्या शिपायाचंही त्याला फारसं वाटत नसे. पण दार लावणं निराळं आणि आत येऊन, आपल्यासोबत राबून, घाम गाळून उभ्या असलेल्या माणसाला हात धरून काढणं निराळं, असं त्याला वाटे. माणूस मजा म्हणून घर सोडत नाही. आणि परक्याच्या दारात तो कागदावर जगत नाही, तिथल्या कुणाच्या तरी चांगुलपणावर जगतो. हे सगळं त्याला वाडीला सांगायचं होतं. पण कुठल्या तोंडाने? व्हिसावाल्या तोंडाने? थोरलीचं, विमलाचं लग्न मिऱ्याला ठरत आलं होतं. सोयरे दुबईवाल्याची लेक म्हणून करत होते. खरं सांगितलं तर तुरुंगात बसून आलेल्याची लेक.

आठव्या दिवशी दुपारी देवळात गावकी बसली. रावजी मध्ये, म्हातारे खांबाला टेकून, बायका बाहेरच्या कट्ट्यावर. तुलबहादूर लांब माडाखाली. रावजीने सरळ विचारलं, "हमी कोण घेतो काय? नसेल तर सांगून मोकळे होऊया."

आनंदा उभा राहिला.

"दादा, मला बोलायचा हाय. मी दुबईत नव्हतो."

रावजीने मान वर केली.

"दुबई मी एकदाच पायली, ती तुरुंगाच्या गाडीतनं. माझ्याकडं व्हिसा नव्हता, पासपोर्ट नव्हता. लाँच बुडाली नाय. सामान नव्हताच. मी चार वर्षा तिथं चोरून ऱ्हायलो." मग त्याने सगळं सांगितलं. डोंगर, तहान, डावा दोर, सालेम, मासळीचा ढीग. सांगताना त्याला हुंदका आला तो त्याने आवरला नाही. "त्या म्हाताऱ्यानं मला इचारलान नाय तू कोण म्हणून. त्यानं वाटा घातलान. त्याच्यामुळं मी आज हितं उभा हाय. आणि ह्यो माणूस महिनाभर आपला दोर ओढतोय, त्याला आपण कागद मागतो? माझी लाज गेली तर जाऊ दे."

"तुझी गोष्ट वेगळी," रावजी म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "तू आमचा व्हतास."

"हितं व्हतो. तिथं मी कुणाचा व्हतो, दादा?"

आनंदा वाट बघत होता, की आता कुणीतरी हसेल, कुणीतरी थुंकेल, निदान कमळा कट्ट्यावरून उठून घरी जाईल. कुणी हललं नाही. कुणाच्या चेहऱ्यावर नवलही नव्हतं. आणि मग कट्ट्यावरून गोदाकाकी बोलली. काकी वाडीत सगळ्यांत मोठी. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पन्नास वर्षं पावसच्या बाजारात बसलेली.

"बस खाली, आनंदा. आमाला ठावं हाय."

"काय ठावं हाय, काकी?"

"सगळाच. तू तुरुंगात व्हतास तवा हितं पोलीस आयला. आनंदा डोर्लेकर म्हणून कोण हाय काय, तिकडं धरलेला हाय, कागद नाय, तुमचा हाय काय म्हणून इचारलान. तुझा दोन वर्षा पत्र नव्हता. कमळा रडाय लागली. तवा ह्या देवळात गावकी बसली आणि कागद लिवला. एकतीस अंगठे पडले त्याच्यावर. तुझा घर सोडून घरटी एक."

आनंदाने कमळाकडे पाहिलं. ती मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती.

"आणि तो कागद रत्नागिरीला कोण घेऊन गेला ता पण ऐक," काकी म्हणाली. "ह्यो रावजी. तीन येळा गेला. सायबानं हाकललान तरी फिरून गेला. म्हणून तू चाळीस दिवसांत सुटलास, मेल्या. नायतर कुजला असतास तिथं."

रावजी खांबाकडे बघत होता, जणू त्याच्यावर काही लिहिलं आहे.

आनंदा खाली बसला. तीन वर्षं तो सकाळी पश्चिमेला हात जोडत होता, आणि पाठ कुणाकडे करत होता? त्याने लाँच बुडवली तेव्हा हळहळलेले हे चेहरे. पासपोर्टचं सांगताना मान डोलावणारे हे म्हातारे. दुबईवाला म्हणून हाक मारणारे. एकालाही एकदा हसू आलं नाही? चेष्टा केल्याशिवाय ज्या वाडीत कुणाचा घास उतरत नाही, तिने तीन वर्षं तोंड मिटून ठेवलं.

"मला कोण बोलला का नाय?" त्याने कसंबसं विचारलं.

"माणूस लांबनं उपाशी आयला तर आधी त्याला वाढतात," काकी म्हणाली. "चौकशी मागनं. आमी मागनं करायला इसरलो. आणि विमलाच्या सोयऱ्यांचा घोर लावून घेऊ नको. मिऱ्याच्या बायका माझ्याच बाजूला बसतात बाजारात. त्यांना मीच सांगितला."

कट्ट्यावरच्या बायका हसल्या. मग आतले म्हातारेही हसले. आनंदा हसत होता आणि डोळे पुसत होता आणि त्याला एकाच वेळी इतक्या माणसांचे पाय धरावेसे वाटत होते की कुठून सुरुवात करावी कळेना. तो उठून रावजीकडे गेला. काही बोलायला गेला तर रावजीने त्याला हातानेच अडवलं.

"सायबानं मला तवा इचारलान," रावजी हळू आवाजात म्हणाला, "माणूस दोन वर्षा कळवत नाय, तिकडं काय करून बसलाय ठावं नाय, तुम्ही हमी कशावर घेता? मी म्हटला, सायब, तो आमच्याबरोबर रापण ओढतो." त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि बाहेर माडाखाली पाहिलं. "खंडू, कागद घे."

खंडूचं अक्षर वाडीत सगळ्यांत बरं. त्याने पेन झटकलं. रावजीने तुलबहादूरला आत बोलावलं. तो पायरीशी चपला काढून हात जोडून उभा राहिला. काय ठरलं ते त्याला कळलं नव्हतं आणि तो चेहऱ्यांवरून ओळखायचा प्रयत्न करत होता.

"पुरा नाव काय तुझा?" रावजीने विचारलं.

सहा महिने झाले होते आणि कुणी विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं. खंडूने ते दोनदा विचारून नीट लिहिलं. मग रावजी सांगत गेला आणि तो लिहीत गेला, की हा माणूस बायकोसह आमच्या वाडीत राहतो, कष्टाने राहतो, आमच्याबरोबर रापण ओढतो, आणि त्याची हमी आम्ही सगळे घेतो. हवालदाराला एवढं पुरेल की नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नाही पुरलं तर रत्नागिरीला जाऊ, रावजी म्हणाला, रस्ता ठाऊक आहे.

शाईचा बोळा फिरला. रावजीने अंगठा टेकला. एकेक घर उठून येत होतं. काकीला हात धरून आणलं. आनंदा शेवटी उभा होता. चौथीपर्यंत शिकला होता, सही येत होती, पण त्याने पेन घेतलं नाही. त्याने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर जागा शोधू लागला.

रावजीने कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून त्याला जागा दाखवली.

"तुझ्या येळेला एकतीस झाले व्हते," तो म्हणाला. "आता बत्तीस. तवा तू नव्हतास."